मौलवी साहेबांच्या खिडकीतला नामदेव माळी

बीबी का मकबरा बघायला आलेला पाहुणा बहुधा मान वर करूनच चालतो. घुमट बघतो, मीनार बघतो, आग्र्याच्या ताजशी तुलना करतो, फोटो काढतो आणि बाहेर पडून नानखटाई विकत घेतो. पायाखालच्या बागेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ही बाग लहान नाही. मकबऱ्याचे आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. एका टोकाच्या झाडाला दुसऱ्या टोकाच्या हौदातून घागरीने पाणी घालायचे म्हटले तर काय होईल, हे एकदा स्वतः चालून बघावे. शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाने दुष्काळात हे केले. लांबून, डोक्यावरून पाणी आणून त्याने आपला चमन हिरवा ठेवला. त्याचे नाव नामदेव.

या नामदेवाचे नाव आपल्या उर्दू शाळांत शिकलेल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना ठाऊक असते. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी त्याच्यावर लिहिलेले व्यक्तिचित्र 'नाम देव माली' उर्दूच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. सरहद्दीपलीकडे, पाकिस्तानी पंजाबच्या दहावीच्या उर्दू पुस्तकातही तो धडा होता. लाहोर आणि मुलतानची मुले ज्या माळ्याचा धडा वाचत आली तो आपल्या शहरातला, आपल्या मराठवाड्यातला माणूस. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना मात्र तो बहुधा माहीत नसतो. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही उणीव आम्हाला रोज जाणवते. म्हणून हा लेख.

आधी मौलवी साहेबांबद्दल थोडे. अब्दुल हक यांचा जन्म १८७० चा, हापूडकडचा. १८९४ साली ते अलीगढहून बी.ए. झाले आणि नोकरीसाठी हैदराबादच्या निजामी राज्यात आले. पुढे शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी म्हणून औरंगाबादेत त्यांची नेमणूक झाली. १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि त्यांच्यापाठोपाठ अंजुमनचे कार्यालयही याच शहरात आले. १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक इथूनच सुरू झाले. इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते. शब्दकोश, व्याकरण, दख्खनी उर्दूच्या जुन्या हस्तलिखितांचे संपादन, असे किती तरी काम त्यांनी इथे बसून केले. आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावरही त्यांनी एक पुस्तिका लिहिली आहे. मराठी आपल्या घरची नव्हे असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही मंडळींनी ती जरूर बघावी.

पाव शतकाच्या आसपास हा माणूस या शहराशी बांधलेला होता, आणि त्यातला बराच काळ त्यांचे राहणे मकबऱ्याच्या आवारातच होते. बागेची देखरेख त्यांच्याकडे होती. शिक्षण खात्याच्या माणसाकडे बागेचा कारभार कसा, असे आजच्या शिक्षकाला वाटेल. पण आम्हाला आजवर जनगणना, निवडणूक आणि खिचडी सांभाळावी लागली आहे. त्यापेक्षा बाग पुष्कळ बरी.

बागकामाची मौलवी साहेबांना मनापासून हौस होती. आपल्या राहत्या बंगल्यासमोर एक चमन तयार करायचे त्यांनी ठरवले आणि ते काम नामदेवाकडे दिले. त्यांच्या खोलीत लिहिण्याच्या मेजासमोर एक मोठी खिडकी होती. तिच्यातून तो सगळा चमन दिसे. लिहिता लिहिता मान वर केली की नामदेव दिसायचा. सगळे व्यक्तिचित्र या खिडकीतून लिहिले गेले आहे म्हटले तरी चालेल.

त्या खिडकीतून मौलवी साहेबांना काय दिसले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. नामदेव एका रोपापुढे बसलेला आहे. तो त्याचे आळे साफ करतो आहे. आळे साफ झाले की हौदातून पाणी आणतो आणि हळूहळू घालतो. माती नीट करतो. मग उठतो आणि रोपाला चारी बाजूंनी बघतो. तेवढ्याने भागत नाही. पाठ न फिरवता उलट्या पावलांनी मागे सरकतो आणि लांबून बघतो. बघता बघता स्वतःशीच हसतो. मेजाजवळचे मौलवी साहेब लिहायचे विसरून हे बघत राहतात.

आळे करणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे. पण ज्यांच्या घरी परसात चार झाडे आहेत त्यांना त्याचे मोल कळेल. बुंध्याभोवती कडा उचलून गोल खळगा केला की घातलेले पाणी वाहून न जाता मुळांपाशी मुरते. पाणी मुरल्यावर वरची माती आवळते, तिची पापडी धरते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांतून ओल निघून जाते. म्हणून खुरप्याने वरचा थर हलका मोकळा करायचा. आपले शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. आळ्यात तण ठेवायचे नाही, कारण ते झाडाच्या वाट्याचे पाणी पिते. नामदेवाच्या चमनात तण औषधालाही सापडत नसे, खडा नाही, पालापाचोळा नाही. बायका चुलीपुढची जागा सारवून ठेवतात तशी त्याची जमीन असायची. बागेच्या दारोगांना इतर माळ्यांच्या मागे सारखे ओरडावे लागे. नजर वळली की कुणी बिडी पेटवी, कुणी सावलीला आडवा होई. नामदेवाला कधी एक शब्द बोलावा लागला नाही.

नामदेवाला मूलबाळ नव्हते. झाडेच त्याची लेकरे झाली. एखादे रोप आजारी पडले की त्याला चैन पडत नसे. औषध हवे असेल तर बाजारातून आणायचा, बाजारात मिळाले नाही तर दारोगांना किंवा मौलवी साहेबांना सांगून मागवून घ्यायचा आणि रोप सावरेपर्यंत त्याच्याजवळून हलायचा नाही. सगळे आयुष्य झाडांत गेल्यामुळे त्याला जडीबुटीचीही चांगली ओळख झाली होती. लहान मुलांच्या आजारांवर त्याचा हात विशेष चाले. लांबून लांबून आया आपली मुले घेऊन त्याच्याकडे येत. तो बागेतलीच पाने-मुळे तोडून औषध देई, कधी दुसऱ्या गावाहून बोलावणे आले तर तिथेही जाई. कुणाकडून पैसा म्हणून घेतला नाही. ज्याला स्वतःचे मूल नाही तो माणूस दुसऱ्यांच्या मुलांना बरे करत होता, एवढेच मौलवी साहेब सांगतात. त्यावर ते भाष्य करत नाहीत, आम्हीही करत नाही.

मग तो दुष्काळ. त्या वर्षी पाऊस फारच कमी झाला. आपल्याकडे पाऊस कमी होणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातही दोन-तीन नक्षत्रे कोरडी गेली की विहिरींचा तळ दिसतो. त्या वर्षी विहिरी आणि बारवांत नावाला पाणी उरले. बागेतली पुष्कळ झाडे वाळली. जी जगली ती क्षयाच्या रोग्यासारखी दिसू लागली. नामदेवाचा चमन मात्र हिरवा होता. कुठून कुठून तो एकेक घागर डोक्यावर वाहून आणत होता. माणसांना प्यायला पाणी मिळत नव्हते असे ते दिवस. टंचाई आणखी वाढली तेव्हा तो रात्री पाणी आणू लागला. अर्धे पाणी, अर्धा चिखल. झाडांना तेच अमृत झाले. रात्रीचे घातलेले पाणी उन्हाने उडून जात नाही, मुळांपर्यंत पोचते. आज कृषी विभागाचे लोकही संध्याकाळी आणि रात्री पाणी द्या म्हणून सांगतात. नामदेवाने कुठलेही पत्रक वाचले नव्हते.

आपल्या कामाच्या माणसाने असे काही केले तर मालक काय करतो? मौलवी साहेबांनी बक्षीस देऊ केले. नामदेवाने ते घेतले नाही. आपल्या लेकरांना वाढवण्याचे बक्षीस कुणी घेते का, असे त्याचे म्हणणे असावे, आणि ते बरोबरच होते, अशा अर्थाचे मौलवी साहेबांनी लिहिले आहे.

हा प्रसंग वर्गात आला की मुले खूश होतात. पण एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बक्षीस नको म्हणाले, पण त्यांचा पगार किती होता?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पगार थोडा होता असे मौलवी साहेबांनीच लिहिले आहे, आणि त्यातूनही तो आपल्याहून गरीब भाऊबंदांना मदत करत असे, असेही लिहिले आहे. बक्षीस ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट असते. पगार हा हक्क असतो. इतक्या मोलाच्या माणसाचा पगार का वाढला नाही, हे धड्यात कुठे येत नाही. निजामी राज्यात पगाराचे कायदे-कानून होते, एका अधिकाऱ्याच्या हातात सगळे नव्हते, हे मान्य. तरीही तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ईदला साडी आणि ईदी देऊन आपण समाधान मानतो, आणि तिच्या महिन्याच्या पैशांत चार-चार वर्षे वाढ करत नाही, तेव्हा हाच प्रश्न आपल्याला लागू पडतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची या बाबतीतली शिकवण आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. सेवक हे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता तेच त्यांना खाऊ घाला, नेसता तेच नेसवा, झेपणार नाही असे काम सांगू नका, आणि सांगितलेच तर स्वतः हात लावा, अशा आशयाची हदीस हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून बुखारी शरीफमध्ये आली आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे हुजूरांची (स.) सेवा केली. त्या दहा वर्षांत हुजूरांनी त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही, हे का केलेस किंवा ते का केले नाहीस असे एकदाही विचारले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. याच हजरत अनसकडून आलेली दुसरी हदीस झाडांची आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे माणसाने, पक्ष्याने, जनावराने काही खाल्ले तर तो त्याच्या नावे सदका होतो, असा तिचा भाव. आपण या हदीसी जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन माळ्याला उन्हात उभे ठेवून हिशेब करतो.

नामदेवाच्या जातीचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. मराठी वाचकाला 'नामदेव माळी' म्हटले की तो माळी समाजातला असावा असे वाटते. तो धंद्याने माळी होता. जन्माने तो ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हटले जाई त्या समाजातला होता. मौलवी साहेब हे दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकतात, आणि त्यासाठी त्या काळच्या दख्खनी उर्दूत सर्रास वापरला जाणारा, आज अपमानास्पद ठरलेला शब्द वापरतात. वर्गात तो शब्द आला की आम्ही थांबतो. हा शब्द कुणाला तोंडावर म्हणायचा नाही, का म्हणायचा नाही, हे मुलांना सांगतो. मग पुढची वाक्ये वाचतो. कारण पुढे मौलवी साहेबांनी लगेच लिहिले आहे की जातींचे हे भेद माणसांनी बनवलेले आहेत, आणि सच्चाई, नेकी, सौंदर्य ही कुणाची वडिलोपार्जित मिळकत नाही. एका परिच्छेदात त्या काळाचा शब्दही आहे आणि त्या काळाविरुद्धचे म्हणणेही आहे. दोन्ही मुलांना दाखवावे असे आमचे मत आहे. शब्द गाळून धडा गुळगुळीत करणारे शिक्षक आम्हाला पटत नाहीत.

याच शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ते नागसेनवन मकबऱ्यापासून फार लांब नाही. नामदेवाच्या समाजातली मुले पुस्तके घेऊन त्या बाजूने चालू लागली तेव्हा मौलवी साहेब हे शहर सोडून गेलेले होते. आणि आपल्या घरांत बिरादरीचा विचार होतच नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याने रिश्ते जुळवताना होणारी बोलणी आठवावीत.

या दोघांच्या नात्याला दोस्ती म्हणावे का? एक जण मेजाशी बसलेला मोठा अधिकारी, दुसरा चमनात बसलेला थोड्या पगाराचा माळी. ते एकत्र जेवले का, तास तास गप्पा मारल्या का, यातले काही लेखात नाही. जे आहे ते कामाचे नाते आहे. मौलवी साहेबांना बागेची हौस आणि नजर होती, नामदेवाकडे हात आणि जीव होता. एकाने काम सोपवले आणि मागे लागणे सोडून दिले. दुसऱ्याने सांगितल्यापेक्षा जास्त केले आणि त्याचा गवगवा केला नाही. कामात आनंद असेल तरच ते काम, नाही तर ती बिगार, असा विचार मौलवी साहेबांना नामदेवाकडे बघताना सुचला. ज्या माणसाने उभे आयुष्य शब्द गोळा करण्यात, कोश रचण्यात घालवले त्याला हे खिडकीबाहेर बघून सुचावे, यात आम्हाला दोस्ती दिसते. बरोबरीची दोस्ती ती नव्हती. पण विश्वास पक्का होता. आणि एक गोष्ट नक्की, मालकांपैकी शेकड्याने किती जण आपल्या माळ्याकडे इतके निरखून बघतात?

माणसाची पारख असलेला आणखी एक अधिकारी या गोष्टीत आहे. हैदराबाद संस्थानाचे शिक्षण संचालक डॉ. सय्यद सिराजुल हसन, म्हणजे नवाब सिराज यार जंग. औरंगाबादची हवा चांगली म्हणून निजामांना इथे एक शाही बाग उभारावीशी वाटली आणि ते काम डॉक्टर साहेबांकडे आले. बागकामाच्या शौकासाठी ते प्रसिद्धच होते. मकबऱ्याची उजाड पडलेली, रानटी झाडाझुडपांनी भरलेली बाग पुन्हा फुलली तीही त्यांच्यामुळे, असे मौलवी साहेबांनी लिहिले आहे. डॉक्टर साहेबांनी नामदेवाला शाही बागेत नेले. तिथला थाट वेगळा. अनेक निगराणीदार, पुष्कळ माळी, आणि माळीही कुठले, जपानचे, इराणचे, शामचे. त्यांच्यात हा मराठवाड्याचा नामदेव, ज्याच्याकडे ना सनद ना डिप्लोमा. इथेही त्याचे काम तसेच चालले. बाकीचे माळी भांडत, बिडी ओढत, शिंदी पीत. याला ना बिडी ना शिंदी.

आणि मग तो दिवस. बागेत मधमाश्यांनी हल्ला केला. सगळे माळी पळून लपले. नामदेवाला काय चालले आहे ते कळलेच नाही, तो आपल्या कामात होता. माश्यांचा थवा त्याच्यावर तुटून पडला. इतके डंख झाले की तो बेशुद्ध झाला आणि त्यातच गेला.

"सर, ते पळाले का नाहीत?" हा प्रश्न दर वर्षी येतो. धड्यात उत्तर एवढेच की तो कामात बुडालेला होता. आम्ही मुलांना माश्यांबद्दल थोडे सांगतो, कारण ही माहिती उपयोगी आहे. आपल्याकडच्या उंच झाडांवर, घुमटांवर, कमानींवर आणि लेण्यांच्या कड्यांवर लोंबणारी मोठी पोळी आग्या मोहोळाची असतात. धुराने, दगडाने किंवा एखाद्या पक्ष्याच्या झडपेने ती उठतात. एका माशीने डंख मारला की त्या जागी एक वास सुटतो आणि तो वास बाकीच्यांना तिथेच बोलावतो. त्यामुळे एक जागा धरून बसलेला माणूस जास्त सापडतो. अशा वेळी तोंड झाकून, हात न झटकता, जेवढे लांब पळता येईल तेवढे पळावे आणि बंद खोलीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. डंख पुष्कळ असतील तर ताबडतोब दवाखाना गाठावा. मकबऱ्यात किंवा वेरूळ-अजिंठ्याला सहलीला जाणाऱ्या मुलांना पोळ्याकडे दगड न मारण्याची ताकीद आधीच द्यावी.

मौलवी साहेबांनी नामदेवाच्या मरणासाठी शहादत हा शब्द वापरला आहे. काही पालक यावर अडतात. एकदा एका गृहस्थांनी आम्हाला विचारलेही की गैरमुस्लिम माणसाला शहीद कसे म्हणता. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की हा फतवा नाही. लिहिणारा अलीगढचा पदवीधर, भाषेचा माणूस आहे. 'मौलवी' ही लोकांनी आदराने दिलेली उपाधी. कामावर असताना, काम न सोडता गेलेल्या माणसासाठी त्यांना आपल्या भाषेत याहून मोठा शब्द सापडला नाही. शब्दकोशाच्या संपादकाने शब्द न तोलता वापरला असेल असे आम्हाला वाटत नाही. ते गृहस्थ पूर्ण पटून गेले असे नाही, पण मुलाला धडा वाचू दिला.

लेखाच्या शेवटी मौलवी साहेब एक मोजमाप मांडतात. प्रत्येक माणसात निसर्गाने काही ना काही गुण ठेवला आहे. तो गुण त्याने कुठवर नेला आणि खल्के खुदाला त्याचा काय फायदा झाला, याची विचारणा हिशेबाच्या दिवशी होईल. या मापाने बघितले तर नामदेव नेक होता आणि मोठाही होता, असे ते म्हणतात. हा लेख 'चंद हम असर' या त्यांच्या पुस्तकात आहे. नावाचा अर्थ, काही समकालीन. त्याच पुस्तकात मौलाना हाली आहेत, मोहसिनुल मुल्क आहेत, मौलाना मुहम्मद अली आहेत, सय्यद महमूद आहेत, आणि नूर खान नावाचा एक साधा शिपाईही आहे. एवढ्या बड्या लोकांच्या रांगेत एका माळ्याला आणि एका शिपायाला जागा देणारा लेखक उर्दूत त्याआधी फारसा दिसत नाही.

मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाला पितळी पत्रा आहे. त्यावर रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. एक मुसलमान, एक हिंदू. नामदेवाच्या नावाची पाटी आम्हाला तरी त्या बागेत कुठे दिसलेली नाही. एक छोटी पाटी, मराठी आणि उर्दूत, चमनाच्या कडेला लावली तर खर्च काही फार नाही. शहरातल्या शिक्षकांनी आणि उर्दूप्रेमी मंडळींनी एक अर्ज करायला हरकत नसावी.

मौलवी साहेब १९३८ मध्ये अंजुमन घेऊन दिल्लीला गेले. फाळणीच्या दंगलीत दिल्लीतले ते कार्यालय लुटले गेले. पुढे ते कराचीला गेले आणि १६ ऑगस्ट १९६१ रोजी तिथेच वारले. उर्दूसाठी उभारलेल्या कॉलेजच्या आवारात त्यांची कबर आहे.

मूळ लेख फार मोठा नाही, मोठ्याने वाचला तर पंधरा-वीस मिनिटांत संपतो. ज्या घरात मुलांना उर्दू लिपी येत नाही तिथे आजीला किंवा नानांना वाचायला सांगावे, मुलांनी मराठीत लिहून काढावे. अडलेल्या शब्दांचे अर्थ घरातच निघतात. चमन, दारोगा, हौद, इनाम, मेहनत यांतला एकही शब्द मराठीला परका नाही. आमच्या एका वर्गाने हा धडा झाल्यावर शाळेच्या कुंपणाकडेच्या नऊ कडुनिंबांची आळी स्वतः केली होती. पहिल्यांदा केलेली आळी कडा कच्च्या राहिल्यामुळे फुटली आणि पाणी मैदानात गेले. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे आजोबा खुरपे घेऊन आले, आळे कसे दाबून घ्यायचे ते त्यांनी दाखवले, आणि मुलांनी नऊच्या नऊ पुन्हा केली.